विश्लेषण : सिंथेसायझर आणि रॅकची यंत्रे एकाच पेटीत कशी बसवतात?

राणीसावरगावच्या रेणुकादेवीसमोरचा नवरात्रातला कार्यक्रम असो की एखाद्या गावची जत्रा, भजनी मंडळाचा किंवा ऑर्केस्ट्राचा टेम्पो आला की आधी काळ्या पेट्या उतरतात. कोपऱ्यांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना कड्या आणि आत एकावर एक बसवलेले अॅम्प्लिफायर, क्रॉसओव्हर, इको. मराठवाड्यात अशा पेट्या अनेकदा ओळखीच्या सुताराकडूनच करून घेतल्या जातात. आता संगीत करणाऱ्या तरुणांमध्ये मॉड्यूलर सिंथेसायझर या वाद्याचे आकर्षण वाढते आहे. हे वाद्य सुट्या भागांच्या रूपात विकत मिळते आणि त्याला घर आपणच द्यायचे असते. रॅकची जुनी यंत्रे आणि हे नवे सुटे भाग एकाच पेटीत बसवायचे म्हटले की प्रश्न पडतो मापांचा, विजेचा आणि उष्णतेचा. चुकीच्या पेटीमुळे महागडा भाग जळू शकतो आणि निष्काळजी जोडणीमुळे कलाकाराच्या जिवावरही बेतू शकते. त्यामुळे सुताराला काम सांगण्यापूर्वी काय माहीत असावे, याचा हा आढावा.

मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे काय?

नेहमीच्या कीबोर्डमध्ये आवाज तयार करणारी सगळी यंत्रणा एका डब्यात बंद असते. बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की व्हायोलिन. मॉड्यूलर सिंथेसायझरमध्ये हीच यंत्रणा सुटी केलेली असते. एक भाग फक्त स्वर निर्माण करतो, दुसरा त्यातला तीव्रपणा गाळतो, तिसरा आवाज कमी-जास्त करतो, चौथा ताल देतो. हे भाग म्हणजे मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूलला पुढे धातूची पाटी, पाटीवर गोल खुंट्या आणि छोटी सॉकेट, मागे सर्किट. वादक लहान वायरींनी एका मॉड्यूलचे सॉकेट दुसऱ्याला जोडतो आणि स्वतःचे वाद्य घडवतो. वायर बदलली की वाद्य बदलते.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असे वाद्य लोकांसमोर आणले. त्यांची मोठी यंत्रे अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटात बसवलेली असत. आज सर्वाधिक वापरात असलेले माप मात्र जर्मनीतून आले. डॉपफर या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर लहान आकाराची मॉड्यूल बाजारात आणली. त्या मापाला ‘युरोरॅक’ म्हणतात. पुढे जगभरातील उत्पादकांनी हेच माप स्वीकारले. त्यामुळे एका कंपनीचे मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलशेजारी बिनधास्त बसते. अट एवढीच की पेटी त्या मापाची हवी.

आपल्याकडे हे वाद्य कधी आले?

हे वाद्य भारतात अजिबात नवे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगचा मॉड्यूलर सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केले. मुंबईच्या चित्रपट संगीतात केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मिनीमूग वाजवला. मिनीमूग हे त्या मोठ्या कपाटाचेच आटोपशीर रूप होते. आतल्या जोडण्या कायमच्या करून टाकल्या आणि सगळे एका लाकडी चौकटीत बसवले, म्हणून ते उचलून स्टुडिओत नेता येऊ लागले. मुंबईतच चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली आणि सिंथेसायझरवर राग वाजवले. ती पुन्हा ऐकली गेली ती जवळपास तीन दशकांनी.

या इतिहासात पेटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाद्य कपाटाएवढे असताना ते संस्थेत राहिले, पेटीएवढे झाल्यावर कलाकाराबरोबर फिरू लागले. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

रॅक म्हणजे काय? १९ इंच कुठून आले?

अॅम्प्लिफायर, इको, क्रॉसओव्हर यांच्या पुढच्या पाटीला दोन्ही बाजूंना कान असतात आणि कानांना भोके असतात. त्या भोकांतून स्क्रू लावून यंत्र पेटीतल्या उभ्या पट्ट्यांवर टांगतात. ही रॅकची पद्धत शंभर वर्षे जुनी आहे. अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती रुळली आणि तिथून रेडिओ केंद्रे, ध्वनिमुद्रण स्टुडिओ, संगणकाचे सर्व्हर असे सगळीकडे तेच माप गेले. यंत्राच्या पाटीची रुंदी कानांसह १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंची ‘युनिट’मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. दोन युनिटचा अॅम्प्लिफायर साडेतीन इंच उंच, तीन युनिटचा सव्वापाच इंच.

युरोरॅकही याच कुळातले आहे. त्याची उंची तीन युनिट धरलेली आहे. म्हणजे दोन्ही यंत्रांचे आजोबा एकच. भांडण नातवंडांमध्ये आहे आणि ते समजण्यासाठी सुताराची टेप हाती घ्यावी लागते.

सुताराच्या सुतात ही मापे कशी बसतात?

आपल्याकडचा सुतार अजूनही इंच आणि सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. आता गंमत पाहा. रॅकचे एक युनिट पावणेदोन इंचांचे, म्हणजे बरोबर १४ सूत. या १४ सुतांत तीन भोके असतात. युनिटच्या वरच्या कडेपासून पहिले भोक २ सुतांवर, तिथून दुसरे ५ सुतांवर, तिसरे आणखी ५ सुतांवर आणि खालच्या कडेपर्यंत उरतात २ सूत. बेरीज १४. पुढच्या युनिटमध्ये पुन्हा तेच. त्यामुळे सलग पाहिले तर भोकांमधले अंतर ५, ५, ४, ५, ५, ४ असे चालते. डावी-उजवीकडच्या भोकांच्या मध्यांमधले अंतर १८ इंच अडीच सूत. यंत्राचे धड आत जाण्यासाठी दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा किमान १७ इंच ६ सूत.

म्हणजे रॅकचे जवळजवळ सगळे माप सुतात बसते. पंचेचाळीस मिलिमीटर, साडेचव्वेचाळीस मिलिमीटर असे सांगत बसण्यापेक्षा ‘पाच-पाच-चार सूत’ म्हटले तर मिस्त्री एका दमात पट्टी आखून देतो. मिलिमीटरची पूर्णांकात केलेली गोळाबेरीज इथे घात करते. एक युनिट ४५ मिलिमीटर धरले, तर दहा युनिटांत साडेपाच मिलिमीटरची चूक साचते आणि खालच्या यंत्राचे भोक पट्टीवर येतच नाही.

मग दोन्ही एकत्र बसवताना अडचण कुठे येते?

अडचण येते मॉड्यूलच्या रुंदीपाशी. मॉड्यूलची रुंदी ‘एचपी’ या टप्प्यात मोजतात. एक एचपी म्हणजे इंचाचा पाचवा भाग, ५.०८ मिलिमीटर. इंचाचे आठ भाग करणाऱ्या टेपवर पाचवा भाग कुठेच सापडत नाही. पाच एचपीला पूर्ण इंच होतो, पण मधले टप्पे सुताच्या रेघेवर येत नाहीत. उंचीचेही तसेच. रॅकमध्ये तीन युनिट म्हणजे १३३.३५ मिलिमीटर, मात्र मॉड्यूलची पाटी १२८.५ मिलिमीटरची असते. उरलेली जागा वर-खालच्या रुळांच्या कडांना लागते. पाटीवरच्या वरच्या आणि खालच्या भोकांमधले अंतर १२२.५ मिलिमीटर. इथे अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी स्क्रू तिरका जातो.

यावर साधा नियम आहे : रॅकचे माप सुतारावर सोडा, मॉड्यूलचे माप धातूच्या रुळांवर सोडा. युरोरॅकसाठी अॅल्युमिनियमचे तयार रूळ मिळतात. त्यांच्या खाचेत सरकत्या नटांची किंवा आटे पाडलेल्या भोकांची पट्टी बसते. ५.०८ मिलिमीटरचा हिशेब त्या रुळांत आणि पट्ट्यांत आधीच केलेला असतो. लाकडाने फक्त रूळ सरळ आणि समांतर धरायचे.

रूळ किती लांब घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. बाजारात ८४ आणि १०४ एचपी ही मापे नेहमीची आहेत. १०४ एचपी म्हणजे ५२८ मिलिमीटर, १९ इंचांच्या रॅकपेक्षा जास्त. ते एकत्र पेटीत बसणारच नाही. ८४ एचपी म्हणजे ४२६.७ मिलिमीटर, ते बसते. हा आकडा मुळात १९ इंचांच्या रॅकमध्ये बसावा म्हणूनच ठरलेला आहे. मात्र रॅकच्या पेटीची आतली रुंदी १९ इंच १ सूत, म्हणजे साधारण ४८६ मिलिमीटर ठेवावी लागते. ८४ एचपीचे रूळ लावल्यावर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ५९ मिलिमीटर जागा रिकामी राहते. ती दोन पद्धतींनी भरता येते. एक तर रुळांना रॅकचे कान असलेली धातूची चौकट घ्यायची आणि मॉड्यूलची अख्खी ओळच रॅकच्या यंत्रासारखी टांगायची. किंवा दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळ्या लावून रूळ थेट त्यांत कसायचे. पहिली पद्धत महाग पण अचूक. दुसरी स्वस्त, पण ठोकळ्या रंधा मारून एकसारख्या जाडीच्या करून घेतल्या पाहिजेत. एक जाड आणि एक बारीक झाली तर रूळ तिरपे होतात.

लाकूड कोणते घ्यावे?

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे भोपळा आणि लाकूड स्वतः गुंजतात, म्हणून कारागीर ते हातात घेऊन, वाजवून निवडतो. सिंथेसायझरच्या पेटीला हा नियम लागू नाही. इथे लाकडाने गप्प राहायचे असते. ते जड असावे, वाकू नये, वाळवीने खाऊ नये आणि प्रवासात सांधे सुटू नयेत, एवढीच अपेक्षा.

सागाचा अभिमान आपल्याकडे मोठा आहे, पण रुंद सागवानी फळी इथे अडचणीची ठरते. परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी ठणठणीत असते आणि पावसाळ्यात दमट. अखंड लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने या बदलाबरोबर फुगते आणि आकसते. घराच्या दारांना पावसाळ्यात अडकण्याची खोड लागते, ती यामुळेच. दाराला रंधा मारून भागते, रॅकच्या पट्ट्यांमधले अंतर बदलले तर यंत्र बसत नाही. प्लायवूडचे थर एकमेकांच्या आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. त्यामुळे खोक्यासाठी प्लायवूड घ्यावे आणि सागाची हौस बाजूच्या सजावटीच्या पट्ट्यांवर भागवावी.

जाडी १८ मिलिमीटर पुरेशी. शीटवर आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. पावसात उघड्यावर पेटी उतरवायची असेल तर आयएस ७१० चे, बोलीभाषेतले मरिन प्लाय घ्यावे. एमडीएफ दिसायला गुळगुळीत असते, पण पाणी लागले की फुगते आणि कडेला मारलेला स्क्रू धरत नाही. फिरत्या कामाला ते नको.

एक चूक वारंवार होते. सुतार प्लाय कापतो त्या मापाने आणि नंतर आतून सनमायका चिकटवतो. सनमायकाची जाडी साधारण एक मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी लावली की आतली रुंदी दोन मिलिमीटरने घटते आणि यंत्र अडकते. म्हणून माप सांगताना ‘सनमायका लावल्यानंतर आत १९ इंच १ सूत’ असेच सांगावे आणि शक्य असेल तर कागदावर लिहून द्यावे.

पेटीचा आराखडा कसा असावा?

रॅकची यंत्रे एकदा जुळवली की त्यांना फारसा हात लागत नाही. मॉड्यूलला मात्र कार्यक्रमभर हात लागतो. त्यामुळे रॅक खाली उभा आणि मॉड्यूल वर तिरके, ही मांडणी सोयीची. दुकानातल्या मुनीमजींच्या उतरत्या मेजाची आठवण ठेवावी. बसून वाजवणाऱ्याला पाटी डोळ्यांसमोर येते आणि मनगट दुखत नाही.

खोलीतही मोठा फरक आहे. बहुतेक मॉड्यूल अडीच इंचांपेक्षा कमी खोल असतात. त्यांच्या मागे वीजपट्टी आणि वायरी धरून चार इंच मोकळी जागा पुरते. रॅकचा अॅम्प्लिफायर मात्र पंधरा ते अठरा इंच खोल असू शकतो आणि मागे प्लग वळण्यासाठी आणखी तीन इंच लागतात. सगळ्यात खोल यंत्र मोजल्याशिवाय प्लाय कापू नये.

उदाहरण म्हणून खाली सहा युनिटचा रॅक आणि वर मॉड्यूलच्या दोन ओळी धरू. दोन्ही भाग प्रत्येकी साडेदहा इंचांचे होतात. बाहेरची रुंदी साधारण साडेवीस इंच. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये दोन्हींचे काम निघते. पण नुसती रिकामी लाकडी चौकटच १८ ते २० किलोपर्यंत जाते. त्यात अॅम्प्लिफायर आणि इतर यंत्रे भरली की पेटी उचलायला दोन माणसे लागतात आणि टेम्पोतून उतरवताना हिसका बसतो तो नाजूक मॉड्यूलना. म्हणून फिरत्या कामासाठी एकच मोठी पेटी करण्यापेक्षा एकाच रुंदीच्या दोन पेट्या कराव्यात. जागेवर गेल्यावर एकीवर दुसरी ठेवून ट्रंकेला असतात तशा दाबकड्यांनी जोडता येते. घरच्या खोलीत कायम राहणार असेल तर एकसंध पेटी चालते.

रॅकच्या पट्ट्यांबाबतही काटकसर करू नये. यंत्राचा स्क्रू थेट लाकडात मारला तर दोन-चार वेळा काढ-घाल केल्यावर भोक सैल होते. लोखंडी एल आकाराची पट्टी ५-५-४ सुतांच्या हिशेबाने भोके पाडून घ्यावी किंवा तयार रॅकपट्टी आणावी. ती बाजूच्या प्लायला आरपार बोल्टने बसवावी. जड अॅम्प्लिफायर फक्त पुढच्या कानांवर टांगू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचे कान वाकतात. त्याच्या मागच्या भागाखाली लाकडी आधारपट्टी हवीच.

विजेचे गणित कसे करायचे?

रॅकची यंत्रे घरातल्या २३० व्होल्टवर चालतात. मॉड्यूलना लागतो अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा डीसी पुरवठा, काहींना ५ व्होल्टही. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ते किती मिलिअँपिअर खाते हे दिलेले असते. अधिक १२ ची बेरीज वेगळी आणि उणे १२ ची वेगळी करायची. समजा अधिक बाजूची बेरीज १,१०० आणि उणे बाजूची ६०० मिलिअँपिअर आली, तर वीज लागते सुमारे २० वॉट, म्हणजे एका एलईडी ट्यूबइतकी. पुरवठा मात्र प्रत्येक बाजूला किमान पाव हिस्सा जास्तीचा असावा. चालू करताना काही मॉड्यूल क्षणभर जास्त वीज ओढतात. शिवाय हा छंद असा की मॉड्यूलची संख्या पुढे वाढतेच.

मॉड्यूल वीजपट्टीला चपट्या रिबन वायरीने जोडले जाते. वायरीच्या एका कडेला लाल रेघ असते. ती उणे १२ व्होल्टची बाजू. आपल्याकडे लाल म्हणजे अधिक, अशी सवय असल्याने इथे हमखास गफलत होते. काही मॉड्यूलमध्ये उलट जोडणीपासून संरक्षण असते, काहींत नसते. उलटी वायर लावून बटण दाबले तर मॉड्यूल काही क्षणांत जळू शकते. म्हणून नवे मॉड्यूल बसवताना पुरवठा बंद ठेवावा आणि दोन्ही टोकांच्या खुणा पाहूनच तो सुरू करावा.

लाकडी पेटीत २३० व्होल्टच्या उघड्या जोडण्या नकोत. मॉड्यूलच्या पेटीसाठी बाहेर राहणारा अॅडॉप्टर घेणे सर्वांत सुरक्षित. लॅपटॉपला असतो तसा. मग मॉड्यूलच्या भागात केवळ कमी व्होल्टची वीज येते. वीजपुरवठा आतच बसवायचा असेल तर तो धातूच्या बंद डब्यात, फ्यूज असलेल्या सॉकेटसह आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. दाब कमी-जास्त होणाऱ्या ठिकाणी १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस प्रकारचा पुरवठा जुन्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा बरा. कमी दाब आला तरी तो १२ व्होल्ट टिकवून धरतो.

अर्थिंगची पिन का मोडू नये?

रॅक आणि मॉड्यूल एकत्र जोडले की स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज येण्याची शक्यता असते. वेगवेगळ्या यंत्रांचे अर्थिंग वेगवेगळ्या रस्त्यांनी जमिनीशी जोडलेले असते आणि त्यातून एक वेढा तयार होतो. ५० हर्ट्झच्या विजेची घरघर त्या वेढ्यातून आवाजात शिरते. यावर अनेक ठिकाणी केला जाणारा ‘उपाय’ म्हणजे तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन मोडणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे. घरघर थांबते, पण त्याबरोबर माणसाला वाचवणारी वाटही बंद होते.

रॅकची चौकट, यंत्रांचे डबे, मॉड्यूलचे रूळ सगळे धातूचे आणि एकमेकांना जोडलेले. एका यंत्रात वायर सुटून डब्याला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर सगळ्या पेटीत वीज उतरते. माइकही त्याच साखळीत असतो. ओल्या मंडपात अनवाणी उभ्या असलेल्या गायकाने माइक ओठांशी नेला तर काय होईल, हे सांगायला नको.

योग्य उपाय तीन. पहिला, पेटीतल्या सगळ्या यंत्रांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्यावी, म्हणजे अर्थिंगचा रस्ता एकच राहतो. दुसरा, मॉड्यूलमधून मिक्सरकडे जाणारा आवाज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून न्यावा. त्यात आवाज जातो, विजेची थेट जोडणी तुटते. तिसरा, बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती झाली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. घरी असो वा जनरेटरवर, पेटीला प्रत्यक्षात अर्थिंग मिळते आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले पाहिजे. तीन पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे आत अर्थिंगची तार आहेच, असे नाही.

उष्णता आणि धुळीचे काय?

परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बऱ्याच यंत्रांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते. म्हणजे यंत्र चालू करण्याआधीच आपण मर्यादेवर पोहोचलेले असतो. मॉड्यूलची २० वॉट उष्णता किरकोळ. खरी भट्टी असते अॅम्प्लिफायरची. गरम हवा वर जाते, त्यामुळे खाली अॅम्प्लिफायर आणि वर मॉड्यूल अशी पेटी केली तर सगळी उष्णता मॉड्यूलच्या पाठीवर येते. स्वर निर्माण करणाऱ्या काही मॉड्यूलची पट्टी तापमानाबरोबर सरकते. दुपारी काळी चारला लावलेले वाद्य संध्याकाळी बेसूर होते, ते यामुळे.

म्हणून दोन भागांमध्ये प्लायचा पडदा हवा. रॅकच्या मागच्या बाजूला खालून हवा शिरायला आणि वरून निघायला वेगवेगळी भोके ठेवावीत. अॅम्प्लिफायरच्या वर एक युनिट रिकामे सोडावे. ज्या यंत्राला पंखा आहे त्याची हवा पुढून मागे जाते की मागून पुढे, ते आधी पाहावे. दोन यंत्रांचे पंखे एकमेकांवर गरम हवा फेकत असतील तर उपयोग नाही. हवा आत घेणाऱ्या भोकांना बारीक जाळी आणि धुता येईल असा स्पंजचा तुकडा लावावा. धूळ आणि कापसाचा तंतू पंख्यात साचला की थंडावा संपतो. मॉड्यूलची सॉकेट उघडी असल्याने वरच्या पेटीला झाकण हवेच. मॉड्यूलच्या ओळीतल्या रिकाम्या जागाही कोऱ्या पाट्यांनी बंद कराव्यात, नाहीतर सुटा स्क्रू आत पडून वीजपट्टीवर शॉर्ट होऊ शकतो.

आवाजाची पातळी जुळते का?

पेटी एक झाली म्हणून आवाज आपोआप जुळत नाही. मॉड्यूलमधला आवाज साधारण १० व्होल्टच्या झोक्याचा असतो. व्यावसायिक मिक्सरची नेहमीची पातळी सुमारे साडेतीन व्होल्टच्या झोक्याची, घरगुती उपकरणांची तर एका व्होल्टहून कमी. मॉड्यूलची वायर थेट इको यंत्रात खुपसली तर आवाज फाटतो आणि दोष यंत्राला दिला जातो. मधे पातळी कमी करणारे आउटपुट मॉड्यूल लागते. रॅकमधून परत मॉड्यूलकडे आवाज आणायचा असेल तर पातळी वाढवणारे इनपुट मॉड्यूलही. मॉड्यूलची सॉकेट साडेतीन मिलिमीटरची, रॅकची ६.३५ मिलिमीटरची किंवा तीन टाचण्यांची एक्सएलआर. हा सगळा सांधा पेटीच्या मागे एका पाटीवर कायमचा करून ठेवला तर कार्यक्रमाआधी अंधारात वायरी शोधाव्या लागत नाहीत.

सुताराकडे जाताना काय घेऊन जावे?

सर्वांत आधी, रॅकचे किमान एक यंत्र आणि युरोरॅकचे दोन रूळ प्रत्यक्ष सोबत न्यावेत. आकडे विसरता येतात, समोर ठेवलेले यंत्र विसरता येत नाही. कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : आतली तयार रुंदी १९ इंच १ सूत, रॅकची एकूण युनिटे आणि त्यांचे सूत, सगळ्यात खोल यंत्राची खोली अधिक तीन इंच, आणि मॉड्यूलच्या ओळींची संख्या. सुताराला गुण्या लावून कोपरे तपासायला सांगावे आणि स्वतः दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. फेव्हिकॉल सुकण्याआधी हे मोजले तर चूक दाबून सुधारता येते, नंतर नाही.

शेवटचा खिळा ठोकण्यापूर्वी यंत्र एकदा आत सरकवून पाहावे. मग सनमायका, मग रंग, सगळ्यात शेवटी वीज. विजेचे काम सुताराकडून आणि लाकडाचे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊ नये. तयार मिळणाऱ्या पेट्या परदेशी मापांच्या, परदेशी हवेसाठी आणि परदेशी किमतीच्या असतात. आपल्या उन्हाची, धुळीची आणि रस्त्यांची कल्पना असलेली पेटी आपल्याच गावात होऊ शकते. रॅकचे माप तर सुतारांच्या टेपवर आधीपासूनच आहे. त्यात आणखी पडायची आहे ती मॉड्यूलच्या रुळांची आणि अर्थिंगच्या तारेची भर.